हिरव्या खाचरातले पिवळे चौकोन

करुणाच्या भावाचा, सिदूचा, फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. बाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरच्या फणसाचा नुसता आकार दिसत होता आणि तोही मधूनच विरघळल्यासारखा होत होता. "माधुरीताई, आक्का गेली," सिदू म्हणाला. "चहा मागितला तिनं. मी करून आणला, तोवर..." पुढे त्याला बोलवेना आणि मलाही काही विचारवेना. फोन मी कानालाच धरून ठेवला. त्याच्या बाजूला कुठेतरी कोंबडा आरवत होता, कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, बेडशाला आज ऊन पडलं असणार. घाटमाथ्यावर आम्ही धुक्यात बुडालेले असतो तेव्हा खाली पवन मावळात बरेचदा स्वच्छ ऊन असतं. करुणा सकाळी फोन करायची तो याच कारणासाठी. "तुझ्याकडं काय आहे? माझ्याकडं ऊन आहे," एवढं सांगायची आणि फोन ठेवून द्यायची.

करुणा ओव्हाळ कामशेतच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि मी मराठी. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. या दिवसांत तिच्याविषयी लिहायला बसले की पहिलं वाक्य सुचायचं आणि लगेच तिचा चेहरा समोर यायचा, भुवया किंचित वर गेलेला. तो चेहरा चिडलेला नसायचा. त्याचा अर्थ एवढाच असायचा, की हे तुला कशावरून ठाऊक? मग मी वाक्य खोडायचे. आज मात्र खोडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

मी लग्न होऊन पुण्यातून इकडे आले आणि शाळेत रुजू झाले त्या वर्षीची गोष्ट. कुठल्याशा मासिकात मी वाचलं होतं की गाणं ऐकवलं की रोपं जोमाने वाढतात. मला ते इतकं आवडलं की मी वर्गात मुलींना पत्र्याचे डबे आणायला लावले, त्यांत मूग पेरले आणि अर्ध्या डब्यांसमोर रोज ओव्या गायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत मुली धावत सांगत आल्या, "मॅडम, गाण्याचे मूग मोठे झाले!" खरंच झाले होते. मी आनंदाने शिक्षकांच्या खोलीत ते जाहीर केलं. सगळे कौतुकाने हसले. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेल्या करुणाने मान वर करून विचारलं, "बघायला येऊ?"

ती आली. डब्यांभोवती सावकाश फिरली. सुती साडी, पदराला खडूचे पांढरे ठसे, आणि डब्यांकडे वाकून बघताना खांद्यावरून पुढे येणारी वेणी... त्या दिवशीची ती मला अजून तशीच दिसते. गाण्याचे डबे मी खिडकीत ठेवले होते, कारण गायला मी खिडकीत बसायचे. न गाण्याचे डबे आत, फळ्याखाली. तिने ते बघितलं आणि हळूच म्हणाली, "गाण्यानं वाढले की उन्हानं?" तिने पुढे विचारलं, "आणि एक सांग. काय झालं असतं तर तू म्हणाली असतीस, की माझं चुकलं?"

रोपं वाढली नसती तर मी म्हणाले असते, माझा आवाज बसला होता. किंवा मुगाला ओव्या नाही, अभंग आवडत असतील. म्हणजे काहीही झालं तरी मी बरोबरच ठरणार होते. करुणाने समजावलं ते फार साधं होतं. ज्या गोष्टीला हरायला जागाच ठेवली नाही, तिचं जिंकणं कुणी मोजायचं नसतं.

मग आम्ही ते पुन्हा केलं. सगळे डबे एकाच खिडकीत. माती एका ढिगातली, पाणी एकाच वाटीने. कुठला डबा गाण्याचा आणि कुठला बिनगाण्याचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, नाहीतर म्हणे माझा हात आपोआप टवटवीत डब्यांकडे जाईल. मी गायला बसले की बिनगाण्याचे डबे उचलून शेजारच्या खोलीतल्या तसल्याच खिडकीत जायचे आणि गाणं संपलं की परत यायचे. रोपं मोजायला तिने अशा मुलींना बोलावलं ज्यांना कुठले डबे कुठले हे ठाऊकच नव्हतं. माझ्या जुन्या मोजणाऱ्या मुली पट्टी धरताना गाण्याच्या रोपाला नकळत जरा ताणून धरत, हे तिने बघून ठेवलं होतं. शेवटी फरक काहीच निघाला नाही. मी हिरमुसले. तेव्हा ती शेजारी येऊन बसली. खिडकीबाहेर रुळांपलीकडच्या गवतावर वारा चालला होता. "रोपांना कान नसतात, असं नाही म्हणायचं हं," ती म्हणाली. "एवढंच म्हणायचं की या डब्यांत, या ओव्यांनी, आपल्याला काही फरक दिसला नाही. आणि तू गाणं बंद करू नकोस. मी रोज ऐकत होते."

आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी झाली.

तिचं घर बेडशाला, लेण्यांच्या डोंगराखाली. वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, थोडीशी भातशेती करायचे. आई लवकर गेलेली. करुणाने लग्न केलं नाही. धाकटा भाऊ सिदू उर्शाजवळच्या कारखान्यात पाळीवर जायचा. आबांनंतर त्या घरात ही दोघं बहीणभावंडं राहिली. हिवाळ्यातल्या एका पहाटे ती मला लेण्यांवर घेऊन गेली होती. पायऱ्या चढताना दम लागत होता. खाली पवनेच्या खोऱ्यावर धुकं दुधासारखं साचलेलं होतं आणि मधून नुसते झाडांचे शेंडे वर आलेले. आम्ही चैत्यगृहात स्तूपाजवळ बसून राहिलो. सूर्य उगवला तसा उजेड दगडी खांबांमधून आत आला, जमिनीवरून सरकत सरकत, एखादं मांजर पाय न वाजवता येतं तसा. तिने सांगितलं, लहानपणी आबा म्हणायचे की सूर्य रोज इथे वंदनेला येतो. तिने विचारलं, रोज? मग ती वेगवेगळ्या महिन्यांत वर यायची आणि उजेड जिथपर्यंत येईल तिथे खडा ठेवायची. खडे काही एका जागी पडले नाहीत. कधी उजेड दारातच अडखळला, कधी आतपर्यंत आला, पावसाळ्यात तर आलाच नाही. तिने आबांना सांगितलं, "रोज नाही येत." आबा हसले आणि म्हणाले, "मग येतो त्या दिवशी आपण हजर राहू." हे सांगताना तिचा आवाज फार खाली गेला होता. मी स्तूपाकडे बघत होते. किती वेळ गेला कळलं नाही... कधीकधी वाटतं, मी अजून तिथून खाली उतरलेलीच नाही.

तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वर्गात किंवा लेण्यात घडली नाही. ती घडली हिरामावशीच्या खाचरात.

हिरामावशी बेडशाच्या पुढे, पवना धरणाच्या वाटेवर राहणारी. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात नोकरीला, आणि उताराची भाताची खाचरं ती एकटी बघायची. आंबेमोहोर लावायची. तो शिजला की वास बांधावरून पलीकडच्या घरात जायचा. तिच्या शेताला लागून कुणीतरी तंबूंचं पर्यटन केंद्र सुरू केलं. पोहण्याचा तलाव, कपडे धुण्याची यंत्रं, आणि रात्रभर जळणारे उंच खांबांवरचे दिवे. त्याच वर्षी मावशीचं भात निसवलंच नाही. म्हणजे लोंब्याच बाहेर पडल्या नाहीत. दिवाळी झाली, सगळ्या मावळात कापण्या झाल्या, आणि हिचं शेत हिरवंगार उभं. "आसं कवा झालं न्हाई," ती करुणाला सांगायला आली तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. "हिरवं हाय, पर पोटात दाणाच न्हाई. वांझ बाईवानी लोकं बगत्यात शेताकडं."

गावात दोन तट पडले. बहुतेक जण म्हणत होते, त्या केंद्राचं साबणाचं, औषधाचं पाणी नाल्यातून खाचरात उतरतं, त्यानेच पिकाचा नाश केला. केंद्राचा व्यवस्थापक म्हणत होता, बियाणंच खराब असेल. तरुण मुलं चिडली होती. पुढच्या हंगामात असंच झालं तर तंबू जाळून टाकू, अशी भाषा चालली होती आणि ती नुसती भाषा राहणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. करुणालाही पाण्याचाच संशय होता. चावडीवरच्या बैठकीत तिने तो सगळ्यांसमोर बोलूनही दाखवला. पण त्याच बैठकीत ती म्हणाली, "माझा संशय म्हणजे काही पुरावा नव्हे. एक हंगाम द्या. मी शेतालाच विचारते."

दिव्यांचा मुद्दा कुणी मांडला नव्हता. तो तिनेच काढला. भाताच्या काही जुन्या जाती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की निसवतात, हे तिने कॉलेजात वाचलं होतं. रात्रभर उजेड असेल तर पिकाला रात्र झालीय हे कळणार कसं? पण तिला स्वतःला ते फारसं पटत नव्हतं. पाणी डोळ्यांना दिसत होतं, फेसाळलेलं. तरीही तिने दोन्ही शक्यतांना सारखी जागा दिली. काही खाचरांना वरच्या ओढ्याचं स्वच्छ पाणी, काहींना नाल्याचं. आणि दोन्हींत काही चौकोन बांबूचे खांब रोवून आखले. दिवस मावळताना त्यांवर काळं कापड ओढायचं, उजाडलं की काढायचं. काही चौकोनांवर मात्र काळ्या कापडाऐवजी पांढरी विरळ मच्छरदाणी. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणाली, "कापड घातल्यानं वारा अडतो, किडे अडतात. त्यानंच काही झालं तर आपण अंधाराला उगीच श्रेय देऊ." उरलेले चौकोन मोकळे. त्यांना काहीच नाही.

कुठल्या चौकोनावर काय, हे ठरवायला चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मावशी वैतागली. तिला आपला वरचा चांगला कोपरा कापडाखाली हवा होता, निदान तेवढा तरी वाचावा म्हणून. "चिठ्ठ्या कशापायी? ही काय भिशी हाय?" ती म्हणाली. करुणाने समजावलं, की चांगला कोपरा आपण मुद्दाम निवडला तर तो चांगला असल्यामुळे निसवला की अंधारामुळे, हे कधीच कळणार नाही. मावशीने चिठ्ठ्या होऊ दिल्या. पण सगळं ठरल्यावर ती मोकळ्या चौकोनांकडे बघत बांधावर बसली आणि म्हणाली, "मग ह्यांनी काय पाप केलं? ह्यांच्या वाट्याला काय बी न्हाई?"

करुणा काही बोलली नाही.

त्या हंगामातल्या संध्याकाळी मला स्वप्नातल्यासारख्या आठवतात. शाळा सुटली की ती मोटारसायकलवरून थेट शेतावर जायची. कधी मीही जायचे. तिकोना गडाच्या मागे सूर्य उतरायचा, धरणाचं पाणी आधी केशरी, मग जांभळं, मग नुसतंच पाणी व्हायचं. ती आणि मावशी दोन टोकांनी कापड धरून चौकोनांवर ओढायच्या. बाळाला पांघरूण घालावं तसं. मावशी पुटपुटायची, "झोपा रं आता." पलीकडे दिवे लागायचे आणि सगळं शेत फिकट पांढऱ्या उजेडात तरंगायला लागायचं, मध्ये काळे चौकोन शांत. त्यात करुणा कधी घाई करताना दिसली नाही, की लोंब्या आल्या का हे पानं सारून बघतानाही दिसली नाही. मला मात्र राहवायचं नाही. मी वाकून बघायला गेले की ती माझा हात धरायची.

मग ऑक्टोबर सरला. एका सकाळी तिचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली. आम्ही डोंगराच्या सोंडेवर चढून खाली बघितलं. दव वाळत होतं. संपूर्ण शेत हिरवं होतं, गर्द, आणि त्या हिरव्यात पिवळे चौकोन उमटले होते. सोन्यासारखे. स्वच्छ पाण्याच्या खाचरात होते आणि नाल्याच्या पाण्याच्या खाचरातही होते. मच्छरदाणीखालचं हिरवंच. मोकळं होतं ते हिरवंच. जिथे अंधार मिळाला होता तिथेच भात निसवलं होतं आणि दाण्यांच्या भाराने वाकलं होतं. पीक बघायला तिने दुसऱ्या गावातल्या एका शेतकऱ्याला बोलावलं होतं, ज्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानेही तेच चौकोन दाखवले. तोवर तिने निकाल मानलाच नव्हता.

मला वाटलं ती गप्प होईल, कारण चावडीवर सगळ्यांसमोर तिने पाण्याचं नाव घेतलं होतं. पण ती माझे दोन्ही हात धरून नाचायलाच लागली. "मी हरले! माधुरी, मी साफ हरले!" वारा तिचा पदर उडवत होता, डोळ्यांत पाणी होतं आणि ती खदखदा हसत होती. हरल्यावर इतका आनंद झालेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही नाही. त्याच संध्याकाळी चावडीवर जाऊन तिने सांगितलं, "पाण्याबद्दल मी बोलले ते चुकलं. कारण दिवे आहेत." व्यवस्थापकाला सोंडेवर नेऊन शेत दाखवलं. त्याने बराच वेळ ते बघितलं आणि काही वाद घातला नाही. पुढच्या पावसाळ्यात दिव्यांची तोंडं खाली वळवली, त्यांना टोप्या घातल्या, पिकाच्या दिवसांत शेताकडचे दिवे बंद ठेवले. कुणाचा तंबू जळला नाही. मावशीचा आंबेमोहोर परत निसवायला लागला.

दुखणं कळलं ते मागच्या वर्षी. कॅन्सर पसरलेला होता. पुण्यातल्या एका दवाखान्यात उपचार सुरू झाले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी एक दिवस विचारलं, एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, भाग घ्याल का? नेहमीची औषधं सगळ्यांना मिळणारच होती. त्यांच्या जोडीला आणखी एक गोळी. निम्म्या लोकांना खरी, निम्म्यांना दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली, हे रोग्यालाही कळणार नाही आणि डॉक्टरलाही नाही. मी आणि सिदू शेजारीच बसलो होतो. करुणाने शांतपणे विचारलं, "गट कोण पाडतं?" डॉक्टर म्हणाल्या, संगणक. "आणि तुम्हाला नक्की ठाऊक नसतं?" "नाही." तेव्हा करुणा हसली. "मग बरं आहे. तुम्हाला ठाऊक असतं तर ते मला तुमच्या डोळ्यांत दिसलं असतं."

बाहेर आल्यावर सिदू भडकला. "आक्का, तू काय उंदीर हायेस का? खोटी गोळी खायला एवढ्या लांब यायचं?" आम्ही गाडीत बसलो होतो, उर्शाच्या टोलनाक्यावर रांग लागली होती. तिने खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "सिदू, मी आज जी औषधं घेते ती कुणीतरी आधी अशीच घेतली असतील. त्यांतल्या निम्म्यांना रिकामी गोळी मिळाली असेल. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत."

गोळी सुरू झाली आणि आम्ही दोघं वेडे झालो. सिदू म्हणायचा, गोळी कडू लागते म्हणाली, म्हणजे खरीच. मी म्हणायचे, भूक वाढलीय, खरीच असणार. पहिले काही महिने ती खरोखर सुधारली. ओट्यावर येऊन बसायला लागली, फोनवर पुन्हा ऊन सांगायला लागली. आम्ही ठरवूनच टाकलं की तिला खरी मिळालीय. मग उन्हाळ्यात तब्येत उतरली, आणि त्याच गोळीला आम्ही खोटी म्हणायला लागलो. एक दिवस तिने हे आमच्या तोंडून ऐकलं. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "गोळी तीच आहे रे. बदलताय तुम्ही."

पण ती देवी नव्हती, माणूस होती. एका दुपारी मी गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती, तळहातावर ती गोळी. बाहेर ऊन लखलखत होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटतं ही खरी असावी. वाटायला नको, माधुरी. पण वाटतं... रोज वाटतं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत नव्हती. गोळी तोंडात टाकून तिने पाणी प्यायलं आणि तांब्या हळूच खाली ठेवला. तिच्याबरोबर घालवलेल्या सगळ्या तासांत मला तो तास सगळ्यात जवळचा वाटतो.

श्रावणात हिरामावशी तिला भेटायला आली, जुन्या आंबेमोहोराचा मऊ भात डब्यात घालून. काठी टेकवत खाटेशी बसली आणि सरळच विचारलं, "मंग खरी गोळी देत्यात तुला का खोटी?"

"ठावं न्हाई, मावशी." मावशीशी ती गावचंच बोलायची.

"म्हंजे चिठ्ठी निघाली म्हन की."

"व्हय."

मावशी बराच वेळ तिच्या हातावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "माज्या खाचरात मी इचारलं व्हतं तुला. मोकळ्या चौकोनांनी काय पाप केलं म्हून. तवा तू बोलली न्हाईस."

करुणा उशीवरून थोडी वर सरकली. "आता बोलते, मावशी. त्यांच्यामुळंच तर कळलं. नुसत्या पिवळ्या चौकोनांनी काय कळलं असतं? हिरवं होतं म्हून पिवळं दिसलं."

मावशीने पदर डोळ्यांना लावला. मग चमच्याने तिला भात भरवला. करुणाने तीन-चार घास खाल्ले आणि डोळे मिटून म्हणाली, "वास तोच हाय."

ती गेल्यानंतर, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीतल्या बुद्धविहारात माणसं मावली नाहीत. त्रिशरण झालं. तिच्या कितीतरी विद्यार्थ्यांना बोलायचं होतं, आणि बोलायला उभं राहिल्यावर बहुतेकांना बोलता आलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टरबाईंचा सिदूला फोन आला. सगळी चाचणी संपली की कुणाला कुठली गोळी होती ते उघडलं जाईल. घरच्यांना हवं असेल तर तेव्हा कळवू. हवं आहे का? सिदूने उत्तर द्यायला वेळ मागितला आणि मला बोलावून घेतलं. "ताई, खोटी निघाली तर मी काय करू?" तो म्हणाला. "आणि खरी निघाली तर? खरी असून गेली, हे तर त्याहून वाईट." आम्ही ओट्यावर बसून होतो. मला तिचं एक बोलणं आठवलं, आजारपणातच कधीतरी बोललेलं. चालू असताना बघायचं नाही, कारण बघितलं की आपण वाकडं चालतो. पण संपल्यावर बघायचंच. संपल्यावरही डोळे मिटून घेतले तर मग एवढं केलं कशाला? मी सिदूला ते सांगितलं. मग त्याने फोन लावला आणि म्हणाला, "कळवा. जे असेल ते कळवा." ते उत्तर अजून यायचं आहे. बाकीची माणसं अजून गोळ्या घेताहेत, त्यांतली काही बरी होवोत.

तेवढं झाल्यावर सिदू मला म्हणाला, "मागं या जरा. एक दाखवायचंय." घरामागे, न्हाणीच्या भिंतीला लागून, गुलबक्षीच्या कुंड्यांची रांग होती. काहींना लाल दोरा बांधलेला, काहींना पांढरा, आणि दोरे कसल्याच क्रमाने नव्हते. करुणाने शेवटच्या महिन्यांत कधीतरी लावल्या होत्या. ती काय शोधत होती हे तिने सिदूला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. दोऱ्यांचा अर्थ तिच्याबरोबर गेला. लाल दोऱ्याच्या कुंडीत तिने काही वेगळं घातलं असेल, किंवा पांढऱ्या. सिदू रोज सगळ्यांना एकाच मगाने सारखं पाणी घालतो. "कुनाला काय द्यायचं ठाऊक न्हाई," तो म्हणाला, "म्हून सगळ्यांना सारखंच."

आम्ही दोन पाट घेऊन कुंड्यांसमोर बसलो. ऊन डोंगराच्या कडेवर गेलं होतं. गुलबक्षी संध्याकाळी उमलते. कळ्या अजून गुंडाळलेल्या होत्या, छत्रीसारख्या. कुठेतरी गुरांच्या घंटा वाजत खाली उतरत होत्या. चुलीच्या धुराचा वास आला, मग गेला. उजेड मऊ होत होत एका क्षणी असा झाला की कळी हलली की आपली नजर हलली हे कळेना. मग लाल दोऱ्याच्या एका कुंडीतली एक कळी सैल झाली आणि आमच्या डोळ्यांसमोर उघडली.

"लाल," सिदू पुटपुटला.

"अजून थांब," मी म्हटलं.